बलराम महादूची न हलणारी कारावान

रोझ हिलमध्ये बलराम महादूचं घर शोधायला पत्ता लागत नसे. कारावान दिसली की घर आलं. अंगणातल्या आंब्याखाली ती अशी काही ऐसपैस उभी असायची की मागे एक घरही आहे हे नंतर लक्षात यावं. गाडीला जोडून ओढत न्यायची ही चाकांवरची खोली एके काळी पांढरी होती, आता शिळ्या दह्याच्या रंगाची झाली होती. आत दोन बाकं, रात्री त्यांचाच पलंग, भिंतीला बसवलेली चूल, आणि खिडक्यांना कुसुमावतीने शिवलेले फुलाफुलांचे पडदे. प्रवासाला लागेल ते सगळं तिच्यात होतं. प्रवास तेवढा व्हायचा होता.

ती मूळची एका साखर कारखान्यातल्या फ्रेंच इंजिनीअरची. साहेब मायदेशी गेला आणि कारावान आवारात पडून राहिली, तेव्हा कोंबड्यांनी तिच्यात संसार थाटला. बलराम तिथे एका लॉरीची वायरिंग बघायला गेला आणि कारावानच्या प्रेमात पडला. मुकादम म्हणाला, “घेऊन जा, पण कोंबड्या इथंच ठेव.” बलरामने सगळ्या कोंबड्या हाकलल्या. तरी रोझ हिलला पोहोचल्यावर बाकाखालून एक बाहेर आलीच, आणि अंगणात अशी फिरू लागली की जणू बाकीचेच पाहुणे आहेत. ती मग राहिली.

कुसुमावतीने त्या दिवशी कारावानभोवती एक प्रदक्षिणा घातली, पडद्यांचं माप घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, “हिच्यात बसून आपण सूयाकला जाऊ.”

सूयाक म्हणजे तिचं माहेर. बेटाच्या दक्षिण टोकाला, समुद्राच्या काठी.

“जाऊ की,” बलराम म्हणाला. “आधी बात्री नीट करतो.”

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. त्र्याऐंशी उजाडलं तरी बॅटऱ्या नीट होतच होत्या.

आता कुणी म्हणेल, माणूस आळशी असेल, किंवा त्याला काम येत नसेल. दोन्ही नाही. बस डेपोत बलराम बॅटऱ्यांचाच माणूस होता. इंजिन, गिअर, ब्रेक हे सगळं त्याच्या मते ठोकाठोकीचं काम, कुणीही करावं. बॅटरीला मात्र तो व्याह्यासारखा मान देई. “बात्रीला भूक लागते, तहान लागते आणि राग येतो,” असं तो डेपोत सांगायचा. “भूक म्हणजे चार्ज, तहान म्हणजे पाणी. राग आला तर ती बोलून दाखवत नाय. नेमकी चार माणसांसमोर बसकण मारते.” हे शेवटचं वाक्य म्हणताना त्याचा आवाज थोडा उतरायचा. का, ते पुढे येईलच.

पाण्याच्या बाबतीत तर त्याचं सोवळं कडक. नळाचं पाणी वर्ज्य, कारण त्यातले क्षार आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर चढतात. दुकानातलं डिस्टिल्ड पाणीही नको, बाटलीत कुणी काय भरलंय कुणाला ठाऊक! त्याला लागे पाऊस, आणि तोसुद्धा वरच्या पठारावरल्या क्युरपिपचा. तिकडे पाऊस नाही असा दिवस शोधावा लागतो, त्यामुळे मालाला तोटा नव्हता. त्या मार्गावरचे ड्रायव्हर आपापल्या अंगणात तामचिनीचं पातेलं उघड्यावर ठेवायचे आणि भरलेल्या बाटल्या बलरामला आणून द्यायचे. छपरावरून आलेलं पाणी चालणार नाही, थेट आभाळातून पडलेलं हवं, ही त्याची अट. रोझ हिलच्या पावसाने काय घोडं मारलंय असं कुणी विचारलं, तर तो गंभीरपणे म्हणायचा, “त्यात बसचा धूर उतरतो.”

असा हा माणूस. मग कारावान का हलेना?

त्याचं मूळ पंचाहत्तर सालच्या फेब्रुवारीत होतं. जर्वेज वादळ येऊन गेलं होतं, विजेचे खांब रस्तोरस्ती आडवे झाले होते, आणि सूयाकला कुसुमावतीच्या धाकट्या भावाचं, सत्यदेवाचं लग्न ठरलेलं होतं. मुहूर्त काही वादळाला विचारून काढलेला नव्हता. गावात वीज नाही, मांडवात दिवा नाही, सासरे नंदलाल चिंतेत. तेव्हा बलरामने छाती काढून जाहीर केलं, “लालिमियेर माझ्याकडे लागला!” उजेडाची जबाबदारी जावयाची.

डेपोतून त्याला दोन बॅटऱ्या मिळाल्या. एक नवीकोरी, एक म्हातारी. नवी आणि जुनी बॅटरी एकत्र जुंपू नये, नवीची सगळी ताकद जुनीला सावरण्यात जाते, हे त्याला झोपेतही माहीत होतं. पण तोंडातून शब्द गेला होता, आणि दुसरी नवी मिळत नव्हती. त्याने जुंपल्या. बांबू आणि हिरव्या पाल्याच्या मांडवात बल्ब लागले तेव्हा गाव आ वासून बघत राहिलं. बलरामसारखा जावई सूयाकमध्ये आजवर झाला नव्हता, असं चारचौघांचं मत पडलं, आणि बलरामने ते नाकारलं नाही.

मंगलाष्टकं संपत आली. अंतरपाट खाली सरकला. वधूवरांनी माळा उचलल्या. त्याच क्षणी बल्ब लाल झाले, मग तांबूस, मग त्यांनी डोळेच मिटले. काळोखात कुणीतरी किंचाळलं, कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडला. कुणीतरी कंदील आणला तेव्हा सत्यदेवची माळ पंडितजींच्या गळ्यात होती. पंडितजी हात जोडून स्तब्ध उभे होते. ह्या प्रसंगाला कुठला मंत्र म्हणावा हे त्यांना आठवत नसावं. नवरी चंपा माळ हातात धरून एवढी गदगदत होती की तिची मुंडावळ सुटली.

बलरामने त्यातलं काही पाहिलं नाही. त्याने पाहिलं ते एकच: सासरे खांबाला टेकून उभे होते, उपरण्यात तोंड खुपसलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. एकुलत्या मुलाच्या लग्नात आपण म्हाताऱ्याला रडवलं! बलरामने वायरी गुंडाळल्या, पंगतीला न बसता बॅटऱ्या लॉरीत टाकल्या आणि रोझ हिल गाठलं.

त्यानंतर तो सूयाकला गेला नाही. कुसुमावती एकटी बसने जायची आणि येताना लोणच्याची बरणी आणि एकच प्रश्न घेऊन यायची: “सत्यदेव विचारत होता, दाजी का नाय आले?” दाजींकडे कारणांचा साठा होता. डेपोत माणूस कमी आहे. गुडघा धरलाय. बस खराब झाल्या आहेत. आणि कारावान आल्यापासून तर सगळ्या कारणांना रजा मिळाली, कारण एकच कारण पुरेसं झालं: बॅटरी तयार नाही.

दर आदितवारी सकाळी हा सोहळा चालायचा. कारावानच्या पुढच्या दांड्यावर लाकडी पेटी होती, वाफ बाहेर जायला तिला भोकं पाडलेली. तिच्यात दोन बॅटऱ्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या. जुन्या-नव्याची सोयरीक बलराम पुन्हा कधी जुळवणार नव्हता. तो टोकांवरची पांढरी बुरशी कोमट पाण्याने आणि खाण्याच्या सोड्याने धुवायचा, फडक्याने टिपायचा, त्यांना व्हॅसलीन चोपडायचा. मग रबरी फुग्याची काचेची नळी काढायचा. तिला तो पेझ-आसिद म्हणे. झाकणं उघडून एकेका कप्प्यातलं अ‍ॅसिड तिच्यात ओढून घ्यायचं, की आतला काटा तरंगतो. काटा वर आला तर बॅटरी पोट भरून जेवलेली, खाली बुडला तर उपाशी.

काटा बुडायचा. डेपोतून आणलेल्या चार्जरवर पेटीतच आठवडाभर ठेवलेल्या बॅटऱ्या, पण काटा बुडायचाच. मागच्या आदितवारपेक्षा थोडा जास्तच.

“पा कापाव,” बलराम सुस्कारा सोडायचा. “जमणार नाय. अशा बात्रींवर सूयाक नाय गाठता येत. वाटेत काळोख झाला तर?”

कुसुमावती हं म्हणून आत जायची.

एक गोष्ट मात्र बलराम अभिमानाने सांगत फिरायचा. त्याच्या बॅटऱ्यांतलं पाणी कमीच होत नसे! महिनोन् महिने वरून एक थेंब घालावा लागत नव्हता. उलट झाकणाच्या कडेला ओल दिसायची, पेटीचं लाकूड ओलं होऊन काळं पडलं होतं. “क्युरपिपचा पाऊस हाय,” तो डेपोत म्हणायचा, “तो आटत नाय.” बसच्या बॅटरीत कुणी बोटभर पाणी जास्त घातलं तर नुसत्या वासावरून ओळखणारा हा माणूस. स्वतःच्या अंगणात त्याला काही खटकू नये, ह्याचं नवल वाटायला हवं. पण आपल्या सोयीच्या गोष्टीत माणूस फार खोल बघत नाही, आणि बलराम काही जगावेगळा नव्हता.

त्र्याऐंशीच्या ऑगस्टात कुसुमावती माहेराहून परतली ती लोणच्याशिवाय. पिशवी खाली ठेवून ती बाकावर बसली.

“बाबांनी सांगावा धाडलाय,” ती म्हणाली. “तुम्हाला.”

बलराम तिच्यासमोर येऊन बसला.

सूयाकला गणपतीचं विसर्जन समुद्रावर होई, आणि विसर्जनाआधी किनाऱ्यावर झाकरी. पुरुषांचं रिंगण, पायाचा ठेका, मध्ये झांजा घेतलेला म्होरक्या, आणि कोकणातून पणजोबांनी आणलेली गाणी, ज्यांचे निम्मे शब्द कुणाला कळत नाहीत पण एकही गाळायचा नाही. म्होरक्या नंदलाल. पण हल्ली त्यांना दिवस कलला की दिसत नसे. गेल्या वर्षी रिंगणात ते दगडाला ठेचकाळले आणि बाजूला बसून राहिले. झांजा मांडीवर ठेवून.

“बाबा म्हणाले, बलरामाला सांग, कारावान घेऊन ये. किनाऱ्यावर उजेड पाडलास तर मी नाचेन. नाय तर यंदा झांजा सत्यदेवाकडे देतो आणि घरात बसतो.”

बलरामच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. पुन्हा सूयाक, पुन्हा सासरा, आणि पुन्हा दिवा! ज्या माणसाला आपण भर मांडवात रडवलं त्याच्या म्हातारपणीच्या नाचावर पुन्हा काळोख पाडायचा? त्यापेक्षा न गेलेलं बरं. पण न गेलं तर झांजा सुटणार, त्याही आपल्यामुळेच.

आदितवारी त्याने पेटी उघडली. काटा पार तळाशी. त्याने तोंड शक्य तितकं वाईट करून सांगितलं, “बघ गो, मी काय करणार? बात्रीच तयार नाय.”

सोमवारी सकाळी तो कामावर निघाला आणि बस थांब्यावर पोहोचल्यावर आठवलं की चष्मा घरी राहिला. परत आला तो मागच्या वाटेने. कारावानपाशी कुसुमावती पाठमोरी उभी होती. बॅटऱ्यांची पेटी उघडी. कप्प्यांची सगळी झाकणं काढून ओळीने मांडलेली. तिच्या एका हातात पूजेचं पंचपात्र, दुसऱ्या हातात पळी. एकेका कप्प्यात ती एकेक पळी सोडत होती आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. सगळे कप्पे झाल्यावर तिने तांब्याच्या तारेवर एक जास्वंदीचं फूल ठेवलं आणि नमस्कार केला.

“काय करतेस गो!” बलराम ओरडला.

ती दचकली नाही. “बात्रीत पाणी घालते.”

“कसलं पाणी?”

“तीर्थ. गंगा तलावाचं. शिवरात्रीला चालत जाऊन आणलेलं.”

बलराम कारावानच्या पायरीवर बसला. “कधीपासून?”

“दर सोमवारी. दोन शिवरात्री झाल्या.” ती झाकणं लावू लागली, बरोबर ज्याचं त्याला, हात बसलेला होता. “तुमच्याच्याने बात्री होईनात. म्हटलं देवाला सांगून बघू. महादेवा, ही कारावान एवढी हलव, म्हणून घालत होते.”

बलरामच्या डोक्यात सगळं एकदम उजाडलं. न आटणारा क्युरपिपचा पाऊस! काळी पडलेली पेटी! काठोकाठ भरलेले कप्पे चार्जरवर ठेवले की उकळी आल्यासारखे बुडबुडे यायचे, अ‍ॅसिड झाकणांतून बाहेर सांडायचं, आणि सोमवारी त्या जागी तीर्थ जायचं. दीड वर्ष अ‍ॅसिड बाहेर आणि तीर्थ आत. काटा बुडेल नाही तर काय करील?

“आयो, कुसुमावती! बात्री हलावी म्हणून तू घातलंस आणि त्यानंच तर ती मेली! आसिद पातळ झाला सगळा. मी इथं डोकं फोडून घेतोय, का भरत नाय, का भरत नाय—”

“डोकं कधी फोडलंत?” कुसुमावतीने पंचपात्र खाली ठेवलं. “दर आदितवारी काटा बुडला की तुम्ही शीळ घालत घरात येता. मी चहा गाळत असते, मला ऐकू येते. काटा बुडाल्याचा आनंद होणारा बात्रीवाला मी दुसरा बघितला नाय.”

कारखान्याची कोंबडी त्या दोघांच्या मधून चालत गेली.

“तुझा बाप रडला होता गो त्या दिवशी,” शेवटी तो म्हणाला. “मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. तोंड उपरण्यात घालून. कुठल्या तोंडाने जाऊ मी?”

कुसुमावती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग काही वेगळंच आलं, आणि तिने ओठ घट्ट मिटले.

“ते तुम्ही बाबांनाच विचारा. मी सांगणार नाय. पण एवढं ऐका. किनाऱ्याजवळच्या घरात आता वीज हाय. सत्यदेवाला वायर ओढून बल्ब लावता आला असता. बाबांनी दिवा तुमच्याकडे मागितलाय.”

बलराम त्या दिवशी चष्मा न घेताच डेपोत गेला. येताना त्याच्या हातात अ‍ॅसिडची बाटली होती.

मग त्याने जे काम केलं ते आधीच करता आलं असतं, हे त्यालाही माहीत होतं. नळीने कप्प्यांतलं पातळ झालेलं पाणी उपसलं. बॅटऱ्या सावकाश, पूर्ण भरू दिल्या, मग थोडं थोडं अ‍ॅसिड घालत काटा जागेवर आणला. उपसलेल्या पाण्याचा मात्र पेच पडला. गटारात ओतावं तर तीर्थ, तुळशीत घालावं तर अ‍ॅसिड. बादली दोन दिवस अंगणात तशीच राहिली आणि दोघं तिला वळसा घालून जात राहिले. अखेर बलरामने सोडा टाकून ते शांत केलं, फसफस थांबल्यावर आंब्याच्या मुळाशी ओतलं, आणि पाया पडला. नक्की कुणाच्या, ते त्याने सांगितलं नाही.

नंतर मांडणी. दोन्ही बॅटऱ्या पेटीत पट्ट्याने आवळल्या, वळणावर सरकू नयेत म्हणून. धन टोकाला धन, ऋणाला ऋण जोडलं. टोकाजवळ फ्यूज बसवला. कारावान ओढायला उसन्या आणलेल्या पिकअपच्या इंजिनापासून कारावानपर्यंत जाड तार ओढली, म्हणजे रस्त्यात दोन्ही बॅटऱ्या भरत जातील. मध्ये एक खटका ठेवला, म्हणजे किनाऱ्यावर दिव्यांनी कितीही खाल्लं तरी पिकअपची स्वतःची बॅटरी उपाशी राहणार नाही. रोज संध्याकाळी तो कारावानमध्ये सगळे दिवे लावून बसायचा आणि वाट बघायचा, हे कधी विझतात. शेजारीपाजारी समजले की बलराम बायकोशी भांडून कारावानमध्ये राहायला गेला. कुसुमावती त्याला तिथेच चहा नेऊन द्यायची, त्यामुळे तो समज आणखी पक्का झाला.

पण आदितवारी काटा वर आला आणि बलरामने शीळ घातली नाही, हे तिने नोंदवून ठेवलं.

विसर्जनाच्या दिवशी कारावान अंगणातून हलली. तिच्या चाकांखालच्या मातीत चार खळगे राहिले, आणि कोंबडी त्यातल्या एकात जाऊन बसली. क्युरपिपला नेहमीप्रमाणे पाऊस लागला. बलरामने काच खाली करून हात बाहेर काढला, तळवा ओला केला आणि कपाळाला लावला. कुसुमावती हसली. “आता तुम्ही पण?” पुढे उताराला लागल्यावर ऊन आलं, दोन्ही बाजूंना ऊस, आणि मागे कारावान जराशी डुलत होती. बलराम आरशात तिच्याकडे बघत होता. दक्षिणेचा समुद्र दिसला तेव्हा त्याने वेग कमी केला.

“आयो, दाजी!” सत्यदेव धावत आला. त्याला आता पोट सुटलं होतं. चंपाने पदर तोंडाला लावला आणि ती आत पळाली. आतून खिदळण्याचा आवाज आला. बलरामचे कान तापले. मग त्याचं लक्ष गेलं. सत्यदेवच्या खिशातून टॉर्चचं टोक दिसत होतं. शेजाऱ्याच्याही खिशात टॉर्च. ओसरीवर कापडाखाली पेट्रोमॅक्स झाकून ठेवलेला, पण कापड तोकडं पडलं होतं. आलेला प्रत्येक माणूस काखोटीला काहीतरी पेटणारं घेऊन आला होता. बलरामने ते पाहिलं, गिळलं, आणि खाली मान घालून वायरी सोडवायला घेतल्या.

गणपती शेवटच्या टप्प्याला कारावानच्या दारात पाटावर बसून किनाऱ्यावर गेला. बलरामने वाळूत बांबू रोवले, त्यांना बल्ब टांगले, वायरी खिडकीतून आत घेतल्या. दिवसाचा उजेड मंदावत चालला. नंदलाल सत्यदेवच्या खांद्यावर हात ठेवून आले. बारीक झाले होते. त्यांनी बलरामकडे पाहिलं, पण ह्या उजेडात त्यांना किती दिसत होतं कोण जाणे.

“बलराम आला का?”

“आलो, बाबा.”

“मग लाव.”

बलरामने दिव्यांचा खटका दाबला. सगळे बल्ब एकदम लागले. रिंगणातली वाळू, दगड, माणसांचे पाय, सगळं लख्ख. नंदलालनी कमरेला उपरणं बांधलं, झांजा हातात घेतल्या, एक पाऊल टाकून बघितलं, दुसरं टाकलं, आणि मग म्हाताऱ्याला कुणी थांबवू शकलं नाही. गाण्यामागून गाणं निघालं. घामाने अंगरखा पाठीला चिकटला तरी पाय ठेका सोडेनात. बलराम पेटीजवळ उभा होता, हात पेटीवर, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. त्याने झाकरी पाहिलीच नाही. तो बल्बांकडे बघत होता. एकही बल्ब लाल झाला नाही.

शेवटचं गाणं संपलं. टाळ्या पडल्या, पण जागचं कुणी हलेना. सगळे बलरामकडे बघत होते. सत्यदेवची धाकटी मुलगी पुढे आली आणि क्रेओलमध्ये बापाला विचारू लागली, काळोख कधी होणार?

“कसला काळोख?” बलरामने विचारलं.

नंदलाल धापा टाकत त्याच्याजवळ आले. “अरे, दर चतुर्थीला मी पोरांना ती गोष्ट सांगतो. पंडितजींच्या गळ्यात माळ! पोरं म्हणतात, आणखी एकदा सांगा. सूयाकच्या कुठल्याच लग्नात असा मजा आला नाय. मी तर हसून हसून मरायचा राहिलो. पंडितजी रागावतील म्हणून तोंड उपरण्यात घातला, तर श्वास कोंडला माझा. वर बघतो तो तू नाय. जेवला पण नाय.” म्हाताऱ्याचा आवाज बदलला. “इतकी वर्षं गोष्ट सांगतोय, आणि गोष्टीतला माणूसच येत नाय. पोरांना वाटायला लागलं, आजा थापा मारतो.”

तो हलणारा खांदा बलरामला पुन्हा दिसला. कितीदा तरी तो त्याच्या स्वप्नात आला होता, आणि एकदाही हसत नव्हता.

“बंद कर बघू एकदा,” नंदलाल म्हणाले. “पोरांना दाखव.”

ज्या माणसाने चार वर्षं दिवा जाऊ नये म्हणून कारावान हलवली नव्हती, त्याने स्वतःच्या हाताने खटका वर केला. किनाऱ्यावर गडद काळोख पडला. पोरं आनंदाने किंचाळली, बायका हसू लागल्या, समुद्र एकदम जवळ आल्यासारखा वाजायला लागला. तेवढ्यात बलरामच्या मानेला काहीतरी गार, ओलं लागलं. झेंडूचा वास आला. गणपतीच्या गळ्यातून उतरवलेली माळ.

“आस्तेर कोरेक, आता जमलं,” सत्यदेव कानाशी म्हणाला. “या खेपेला बरोबर माणसाच्या गळ्यात पडली, दाजी.”

कुठेतरी कुणीतरी टॉर्च चाचपला. नंदलाल गरजले, “टॉर्च आत ठेवा सगळे! बलराम लावील.”

“शीळ घाला की आता,” काळोखात कुसुमावतीचा आवाज आला.

बलरामचं बोट खटक्यावर होतं. बॅटऱ्या भरलेल्या होत्या, सगळं जागच्या जागी होतं. पण त्याने दिवा लगेच लावला नाही. डोळे पुसायला त्याला थोडा काळोख हवा होता.